झाकल्या पाकिटाचा भाव

सप्रेम नमस्कार.

मी १९८६ साली नोकरीनिमित्त पुण्याहून न्यू जर्सीला आलो. मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. त्याला शाळेत मित्र मिळावेत म्हणून मीही बेसबॉल समजून घेतलं आणि त्यातूनच आम्हा बापलेकांना खेळाडूंच्या चित्रांची कार्डं जमवायचा नाद लागला. १९८७ ते १९९२ पर्यंत जमेल तशी पाकिटं घेत गेलो. पुढे यातून मुलाच्या कॉलेजची फी निघेल, असं दुकानदार सांगायचा आणि मीही ते धरून चाललो होतो. तशी फी काही निघाली नाही. सहा मोठी खोकी आजही तळघरात आहेत.

परवा अकरा वर्षांच्या नातवाला वाढदिवसाला नव्या कार्डांचं एक खोकं दिलं. शंभर डॉलरच्या आसपास पडलं. त्यातल्या एका पाकिटातून १९८८ चं जुनं कार्ड निघालं, वर सोनेरी शिक्का मारलेलं. नातू आनंदानं नाचायला लागला. मी तळघरात जाऊन पाहिलं, तर त्याच कार्डाच्या चार प्रती माझ्याकडे आहेत, बिनशिक्क्याच्या. दुसऱ्या दिवशी एक खोकं घेऊन दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "फुकट दिलीत तरी ठेवायला जागा नाही."

मग कंपनी तेच कार्ड शिक्का मारून परत विकते, ही फसवणूक नाही का? मला माझी कार्डं कंपनीला विकता येतील का? मुलगा म्हणतो, बाजार पुन्हा वर आलाय, नव्या बंद खोक्यांत नातवाच्या नावानं पैसे गुंतवू. सौ. म्हणते, सगळं रद्दीत द्या. काय करावं?

एक आजोबा, एडिसन, न्यू जर्सी

आजोबा, नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पत्रातला सगळा राग तिथं साठला आहे. त्या जुन्या कार्डाला कुणी शंभर डॉलर दिलेले नाहीत. ते पैसे तुम्ही बंद खोक्याला दिले, आत काय निघेल या ओढीला दिले. पाकीट फाडलं की नातवाचं शिक्क्याचं कार्ड आणि तुमच्या चार प्रती एकाच पंगतीला बसतात. ते कार्ड त्याच दुकानदाराला दाखवून बघा. एखादा डॉलर म्हणेल, कदाचित तेवढंही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो; कार्डांचा धंदा अक्षरशः याच हिशेबावर चालतो. तेव्हा त्या खोक्याच्या किमतीवरून तळघरातल्या मालाचा अंदाज बांधू नका. तुमच्या मनाला बोच लागली ती तिथून.

जुना माल पुन्हा कसा विकायचा, हा प्रश्न या धंद्याला पहिल्यापासून पडलेला आहे. टॉप्स ही १९३८ साली ब्रुकलिनमध्ये सुरू झालेली च्युइंग गमची कंपनी. मुलांनी गम घ्यावा म्हणून सोबत कार्डं. १९५२ साली त्यांनी ४०७ कार्डांचा मोठा संच काढला आणि तो टप्प्याटप्प्यानं बाजारात सोडला. शेवटचा टप्पा दुकानांत पोचेपर्यंत बेसबॉलचा मोसम सरत आला होता, मुलं फुटबॉलकडे वळली होती. माल पडून राहिला. तो संच ज्यांनी घडवला ते साय बर्गर पुढे सांगत की, ही उरलेली कार्डं जत्रांमधून एका सेंटला दहा या भावानं देऊन पाहिली, तरी कुणी घेईना. शेवटी १९६० च्या सुमारास गोदामात जागा हवी म्हणून ती खोकी कचऱ्याच्या बार्जवर लादली आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून आत, अटलांटिकमध्ये बुडवली. त्या शेवटच्या टप्प्यातलं पहिलंच कार्ड, क्रमांक ३११, मिकी मँटल या नामांकित खेळाडूचं. त्याची एक उत्तम राखलेली प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेली.

ही गोष्ट तुम्ही नक्की ऐकली असेल, कारण १९८७ मध्ये तुम्हाला कॉलेजच्या फीचं स्वप्न दाखवणाऱ्या दुकानदाराच्या मनात हीच असणार. पण त्यानं ती अर्धीच सांगितली. मँटलचं कार्ड महाग झालं ते जुनं झालं म्हणून नव्हे. बरीचशी खोकी समुद्रात गेली, उरलेली कार्डं मुलांनी सायकलच्या चाकांच्या आऱ्यांत अडकवली, आयांनी घरं बदलताना फेकून दिली, म्हणून ते महाग झालं. तुमच्या पिढीनं मात्र पहिल्या दिवसापासून प्लास्टिकच्या पानांत कार्डं जपली. सगळ्यांनीच जपली. मग दुर्मीळ राहिलं काय?

छपाईही त्याच बेतानं वाढली होती. १९५६ मध्ये बोमन ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतल्यानंतर जवळपास पंचवीस वर्षं बाजार टॉप्सचाच होता. फ्लीअरनं कोर्टात झगडून वाट मोकळी केली आणि १९८१ मध्ये फ्लीअर, डॉनरस मैदानात उतरल्या. १९८८ मध्ये स्कोअर आली, १९८९ मध्ये अप्पर डेक. प्रत्येकीचे संच, त्यांचे उपसंच, मोसमाच्या शेवटी पुरवण्या. त्या काळी किती छापलं ते कंपन्या जाहीर करत नसत. १९८७ मध्ये ४० सेंटला सतरा कार्डं आणि गमची एक वडी मिळायची, लाकडासारखी चौकट छापलेला तो संच ७९२ कार्डांचा. १९८८ चाही ७९२ चाच. आज १९८८ चा अख्खा संच पंधरा-वीस डॉलरला मिळतो, शोधलं तर त्याहून कमी. इथले जमवणारे त्या सबंध काळाला 'जंक वॅक्स', म्हणजे मेणकागदी पाकिटांतली अडगळ, म्हणतात. मला हे नाव आवडत नाही, कारण ती कार्डं देखणी होती, पण बाजारभावाच्या दृष्टीनं ते खोटं नाही. पुढे १९९४ च्या ऑगस्टमध्ये खेळाडूंचा संप झाला, त्या वर्षी मोसमाची अंतिम लढत, वर्ल्ड सिरीज, झालीच नाही, आणि आधीच ओसरू लागलेली हौस एकदम खाली बसली.

तुमच्या मुलाला ग्रेग जेफरीज आठवतो का, विचारा. १९८९ च्या संचात 'फ्युचर स्टार' म्हणून त्याचं कार्ड होतं आणि न्यूयॉर्क-न्यू जर्सीतल्या पोरांनी ते सोन्यासारखं जपलं होतं. न्यूयॉर्कच्या मेट्स संघाचा हा मुलगा उद्याचा मोठा खेळाडू, यावर मोठमोठ्या जाणकारांचं एकमत होतं. तो चौदा मोसम खेळला, दोनदा ऑल-स्टार संघात गेला. चांगला खेळाडू. पण त्याच्या कार्डावर लोकांनी लावलेली आशा चांगल्या खेळाडूला पेलणारी नव्हती. तुमच्या खोक्यांत त्याच्या पुष्कळ प्रती असतील, आणि त्यात तुमची काहीच चूक नाही. त्या वेळी मासिकं, दुकानदार, कंपन्या सगळे एकाच दिशेनं बोलत होते.

आता शिक्क्याकडे येतो. टॉप्सनं १९८९ मध्ये स्वतःच्या संग्रहातली मूळ चित्रं न्यूयॉर्कमध्ये लिलावात काढली. १९५३ च्या मँटल कार्डासाठी रंगवलेलं मूळ चित्र एक लाख डॉलरच्या वर गेलं. आपल्याच जुन्या वस्तूंना गिऱ्हाईक आहे, हे कंपनीला तिथं नीट दिसलं असावं. १९९१ मध्ये कार्डांची चाळिशी साजरी करताना तिनं १९५२ पासूनची खरी जुनी कार्डं मिळवून नव्या पाकिटांत टाकली. ही कल्पना मला आजही प्रामाणिक वाटते. त्या वेळी पोराच्या हातात पन्नास-साठच्या दशकातलं एखादं कार्ड पडण्याची खरोखर शक्यता होती आणि आपल्या जन्माआधीच्या खेळाडूची त्याची ओळख होत होती.

पण जसजशी वर्षं गेली तसा हा प्रकार पातळ होत गेला. २०१० मध्ये 'मिलियन कार्ड गिव्हअवे' आला. पाकिटात सांकेतिक क्रमांक निघायचा, तो संगणकावर भरला की एक जुनं कार्ड तुमच्या नावावर जमा. घरी मागवायचं तर टपालखर्च आपला. दहा लाख जुनी कार्डं वाटायची म्हटल्यावर ती कुठल्या काळातली निघणार, हे तुम्हाला आता वेगळं सांगायला नको. बहुतेकांच्या नशिबी ऐंशीच्या दशकातलीच आली. मग २०१५ च्या आसपास 'रीडिस्कव्हर टॉप्स' असा चकचकीत शिक्का मारलेली जुनी कार्डं पाकिटांत यायला लागली, वेगवेगळ्या रंगांच्या शिक्क्यांत, म्हणजे एकाच जुन्या कार्डाचे कमी-अधिक दुर्मीळ प्रकार तयार. त्याच सुमाराला अशीही खोकी निघाली की ज्यांत एकच जुनं कार्ड असतं, निवृत्त खेळाडूची सही घेतलेलं आणि प्लास्टिकच्या कवचात बंद केलेलं. हे एकट्या टॉप्सचं काम नाही. डॉनरसनं दोन हजार सालानंतर आपलीच जुनी कार्डं परत घेऊन, सह्या करवून नव्या पाकिटांत घातली; अप्पर डेकनंही तसं केलं.

यामागचा हिशेब सोपा आहे. खोक्यात काहीतरी 'खास' निघायला हवं, नाहीतर कुणी शंभर डॉलर मोजणार नाही. खास गोष्ट नव्यानं बनवायला पैसे लागतात. १९८८ ची साधी कार्डं मात्र बाजारात ठोकानं, जवळपास कागदाच्या भावानं मिळतात. त्यावर शिक्का पडला की ते 'खास' झालं. आणि गिऱ्हाईक कोण? तुमच्या मुलासारखा, पंचेचाळिशी गाठलेला, ज्याचं बालपण त्या संचात आहे. यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर आलं: तुमच्या कार्डांसाठी कंपनीला तुमच्या दारी यायची गरज नाही. त्या बाजूनं आशा ठेवू नका.

मला स्वतःला जुन्या कार्डावर मारलेला शिक्का बघवत नाही. १९८८ च्या साध्या कार्डाचं त्यानं फारसं बिघडत नाही, पण हेच १९५०-६० च्या कार्डांवरही केलं गेलं आहे, आणि तो शिक्का निघत नाही. साठ वर्षं कुणीतरी कुठल्यातरी कपाटात धड राखलेलं कार्ड, ज्यांनी छापलं त्यांनीच कायमचं खराब करायचं! ज्याला तो जुना संच पुरा करायचा आहे, त्याच्या ते उपयोगाचं राहत नाही. एका शिक्क्याचा मात्र मला आदर आहे. १९९१ च्या आखाती युद्धात तिकडे तैनात असलेल्या सैनिकांसाठी टॉप्सनं जी पाकिटं पाठवली त्यांतल्या कार्डांवर 'डेझर्ट शील्ड' या लष्करी मोहिमेचं सोनेरी चिन्ह होतं. त्या कार्डांना आजही मान आणि किंमत आहे, इतकी की नकली चिन्हं मारून विकणारेही आहेत. तुमच्या खोक्यांत तशी काही दिसली तर हुरळून न जाता जाणकाराला दाखवा.

फसवणुकीच्या प्रश्नाचं कायद्याकडून आलेलं उत्तरही सांगतो. नव्वदच्या दशकात अमेरिकेत काही पालकांनी आणि जमवणाऱ्यांनी कार्ड कंपन्यांवर दावे लावले. दुर्मीळ कार्डं मोजक्या पाकिटांत टाकून तुम्ही मुलांना जुगार खेळवता, असं त्यांचं म्हणणं. दावे टिकले नाहीत. २००२ मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या, संघीय अपील न्यायालयानं सांगितलं की, हवं ते कार्ड आलं नाही म्हणून कायद्याच्या अर्थानं नुकसान झालं असं होत नाही. गिऱ्हाईकानं कार्डं आणि एक शक्यता घेतली, ती त्याला मिळाली. पाकिटावर '१:२४' असं छापलेलं असतं, म्हणजे साधारण चोवीस पाकिटांत एक. तेवढं छापलं की कंपनी मोकळी. तेव्हा कायद्याच्या भाषेत ही फसवणूक नाही. पण त्या दाव्यांमधल्या आईबापांना जी काळजी वाटत होती ती रास्त होती असं मी मानतो, आणि नातवाच्या बाबतीत तुम्हीही ती करावी.

कारण आज हा खेळ तेव्हापेक्षा कितीतरी वेगवान झाला आहे. मोठ्या दुकानांत 'प्रत्येक खोक्यात एक जुनं कार्ड' अशी जाहिरात करणारी खोकी असतात. ती मूळ कंपनीची नसतात. कुणीतरी बाजारातला उरलासुरला माल एकत्र करून नव्यानं बांधलेला असतो. त्यांतून चांगलं कार्ड निघेल ही आशा सोडून द्या, कारण बांधणाऱ्यानं प्रत्येक कार्ड आधी पाहिलेलं असतं. याच्याही पुढची पायरी मोबाइलवर आहे. पैसे भरा, पडद्यावर पाकीट फुटतं, कवचबंद कार्ड दिसतं, आणि आवडलं नाही तर तिथल्या तिथं ठरलेल्या किमतीच्या काही टक्के कमी घेऊन ते त्यांनाच परत विका. ते कार्ड तिजोरीतून हलतसुद्धा नाही. तेच पुढच्या माणसाला पुन्हा विकलं जातं, त्याच्याकडून पुन्हा परत येतं, आणि दर फेरीत कंपनी मधला वाटा ठेवते. तुमचा राग या प्रकारासाठी राखून ठेवा. नातवाच्या फोनवर असं काही आहे का, हे मुलाला आजच बघायला सांगा.

मुलगा म्हणतो तसा बाजार वर आला होता, हे खरं आहे. २०२० मध्ये लोक घरात अडकले, जुनी खोकी उघडली गेली, आणि ईबेवर कार्डांची विक्री त्या एका वर्षात १४२ टक्क्यांनी वाढल्याचं ईबेनंच सांगितलं. पीएसए ही कार्डं तपासून त्यांचा दर्जा ठरवणारी कंपनी. तिच्याकडे इतका ढीग साचला की मार्च २०२१ मध्ये स्वस्तातली तपासणी तिला काही काळ बंदच करावी लागली. मे महिन्यात विस्कॉन्सिनमध्ये टार्गेट या मोठ्या दुकानसाखळीच्या पार्किंगमध्ये कार्डांवरून मारहाण आणि बंदूक काढण्यापर्यंत मजल गेली, तेव्हा टार्गेटनं दुकानांतून कार्डं विकणंच थांबवलं होतं. त्या लाटेत शिखरावर घेतलेली पुष्कळ नवी कार्डं पुढच्या वर्ष-दोन वर्षांत निम्म्याच्याही खाली आली.

आणि एक गोष्ट तुमच्या मुलानं ध्यानात घ्यावी. १९८९ मध्ये निदान पाच कंपन्या एकमेकींशी झगडत होत्या. ऑगस्ट २०२१ मध्ये फॅनॅटिक्स या कंपनीनं मेजर लीग बेसबॉल आणि खेळाडूंच्या संघटनेचे हक्क पुढच्या काळासाठी आपल्याकडे वळवले, आणि जानेवारी २०२२ मध्ये टॉप्सचा कार्डांचा व्यवसायच सुमारे ५० कोटी डॉलरला घेतला. आज पूर्ण परवान्याची बेसबॉल कार्डं त्या एकाच घरातून येतात. किती छापायचं, खोक्याची किंमत काय ठेवायची, उद्या त्याच खेळाडूची आणखी किती रूपं काढायची, सगळं एकीच्या हातात. ज्या वस्तूचा पुरवठा एकच जण ठरवतो आणि हवा तेव्हा वाढवू शकतो, त्यात नातवाच्या शिक्षणाचे पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय नफा झालाच, तर वर्षाहून जास्त ठेवलेल्या अशा संग्रहाच्या वस्तूंवर संघीय कर २८ टक्क्यांपर्यंत जातो. शेअरांवर तो २० टक्क्यांवर थांबतो. कॉलेजसाठी ठेवायचे असतील तर त्यासाठी ५२९ खातं, म्हणजे शिक्षणाच्या बचतीचं करसवलतीचं खातं, आहे. ते कंटाळवाणं आहे, आणि तिथं कंटाळवाणंच बरं.

मुलगा कदाचित पॉल स्कीन्सच्या कार्डाचं उदाहरण देईल. पिट्सबर्ग पायरेट्सच्या या गोलंदाजाच्या, माफ करा, पिचरच्या पहिल्या सामन्यातल्या शर्टाचं बोधचिन्ह लावलेलं एकमेव कार्ड लॉस एंजेलिसकडच्या एका मुलाला नाताळच्या भेटीतल्या पाकिटात मिळालं, आणि मार्च २०२५ मध्ये ते ११ लाख १० हजार डॉलरला विकलं गेलं. तो मुलगा तुमच्या नातवाच्याच वयाचा, अकरा वर्षांचा. गोष्ट खरी आहे आणि मला त्या मुलाचा आनंदच वाटतो. पण जगात तसं कार्ड एक होतं आणि ते निघालं. बाकीच्या पाकिटांची बातमी कुणी छापत नाही.

आता तळघर. सौ. म्हणतात तसं सगळं लगेच रद्दीत देऊ नका. आधी नातवाला घेऊन बसा आणि खोकी चाळा. थोडीच कार्डं शोधायची आहेत. १९८७ च्या संचांत बॅरी बाँड्स. १९८९ च्या अप्पर डेकमध्ये क्रमांक १, केन ग्रिफी ज्युनिअर. ते कार्ड लोकांकडे कितीतरी हजारांनी आहे, पण कोपरे आणि कडा अगदी धारदार असतील तर त्याला अजून चांगलं गिऱ्हाईक मिळतं. १९८९ च्या फ्लीअरमध्ये बिली रिपकेनचं ते कार्ड, ज्यात बॅटच्या मुठीच्या टोकावर शिवी लिहिलेली दिसते आणि जे कंपनीनं मग घाईघाईनं दुरुस्त केलं. नातवाला हे दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. १९९० च्या टॉप्समध्ये फ्रँक थॉमस क्रमांक ४१४ बघा. पुढच्या बाजूला नावच छापलेलं नसेल तर ते खरोखर मोलाचं आहे आणि तेवढं एक आधी जाणकाराला दाखवायचं. १९९२ च्या बोमनमध्ये मारियानो रिव्हेरा. तुम्ही १९९३ पर्यंत घेत राहिला असता तर डेरेक जीटरचं, अप्पर डेकच्या 'एसपी' संचातलं कार्ड शोधायला सांगितलं असतं. एखादं पाकीट चुकून घेतलेलं असेल तर बघा.

एखादं कार्ड हाती लागलं तर त्याचा भाव बघताना लोक किती मागतात ते पाहू नका. ईबेवर 'विकलेल्या वस्तू' अशी गाळणी लावा आणि खरोखर किती मिळाले ते पाहा. पीएसएकडे पाठवायचं तर एका कार्डाला वीस डॉलरच्या वर खर्च येतो. त्यामुळे कडेला पांढरं झालेलं, मधोमध न छापलेलं कार्ड पाठवून उपयोग नाही. आणि कोपरे नीट करून देतो, कड कापून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. होनस वॅग्नर या जुन्या खेळाडूचं तंबाखूच्या पाकिटातलं जगप्रसिद्ध कार्ड, जे १९९१ मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या संघाचे मालक ब्रूस मॅकनॉल यांनी ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं होतं, त्याच्या कडा आपण कापल्या होत्या, असं ते आधी विकणाऱ्या बिल मास्ट्रो या व्यापाऱ्यानं २०१३ मध्ये कबूल केलं. पुढे लिलावांतल्या लबाडीबद्दल त्याला तुरुंगवासही झाला. कापलेलं कार्ड कापलेलंच राहतं.

न उघडलेली मेणकागदी पाकिटं सापडली तर ती वेगळी ठेवा. ती सुट्या कार्डांपेक्षा लवकर जातात. मात्र तुम्ही स्वतः तशी पाकिटं विकत घ्यायला जाऊ नका, कारण त्या मेणाची घडी इस्त्रीनं उघडून पुन्हा चिकटवता येते.

एवढं काढून झालं की जे उरेल ते कदाचित साडेपाच खोकी असेल. त्यातली दोन-तीन नातवाच्या लिटल लीगच्या, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉल संघाच्या, मुलांना द्या, आधी प्रशिक्षकाला विचारून. सहा-सात वर्षांच्या पोराला तीनशे जुन्या कार्डांचा गठ्ठा मिळाला की त्याला त्यांच्या भावाची काही पडलेली नसते. एक खोकं घरात ठेवा. मग उरलेलं सौ. म्हणतात तसं रद्दीत गेलं तरी चालेल, त्यांचं म्हणणं तिथं बरोबर आहे. इतकी वर्षं ती खोकी त्यांनी सांभाळली, हेही लक्षात असू द्या.

घरात ठेवलेल्या त्या एका खोक्याचं काय करायचं, ते मी सर्वांत उत्साहानं सांगतो. कंपनी जुन्या कार्डावर खेळाडूची सही घेऊन कवचात घालून विकते ना? ते तुम्ही आणि नातू घरबसल्या करू शकता. इथले जमवणारे वर्षानुवर्षं करत आले आहेत. १९८७-८८ च्या संचातला असा खेळाडू निवडा की जो फार मोठा नव्हता. त्याच्याबद्दल नातवानं वाचावं, कुठल्या संघात, कुठल्या जागी, कुठला सामना गाजवला, आणि स्वतःच्या हातानं अर्धं पान पत्र लिहावं. सोबत कार्ड, आणि आपला पत्ता घालून तिकीट लावलेला परतीचा लिफाफा. त्या काळचा साधा पुठ्ठा शाई छान धरतो. त्या वेळच्या खेळाडूंपैकी बरेच जण आज संघांकडे प्रशिक्षक म्हणून आहेत, त्यांना संघाच्या पत्त्यावर लिहिता येतं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सरावाच्या मैदानाच्या पत्त्यावर लिहिलं तर उत्तराची शक्यता वाढते. काहीजण सहीसाठी पैसे किंवा देणगी मागतात, काही उत्तरच देत नाहीत, काही कार्डं परत येत नाहीत. म्हणून ज्याच्या तुमच्याकडे चार प्रती आहेत तेच पाठवायचं. ते शिक्क्याचं कार्ड निघालं त्याच खेळाडूपासून सुरुवात करता येईल. परत आलेल्या सहीला बाजारात फारशी किंमत नसेल, कारण ती कुणी तपासलेली नाही. विकायची नाहीच, हे नातवाला आधीच सांगून ठेवा.

नवीन पाकिटांचा हट्ट तो धरेलच. त्यालाही एक वाट आहे. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत 'नो पर्चेस नेसेसरी' असा मजकूर असतो. खरेदी न करता, आपलं नाव-पत्ता हातानं लिहिलेलं साधं कोरं कार्ड दिलेल्या पत्त्यावर पाठवून खास कार्डांच्या सोडतीत भाग घेता येतो. मुदत, किती वेळा पाठवायचं, कसं लिहायचं हे दर मालाचं वेगळं असतं, ते नीट वाचून पाठवा. इथले काही जमवणारे असंच टपालानं नशीब आजमावतात. आणि एखाद्या खेळाडूचं ठरावीक कार्ड हवंच असेल, तर सुटं घ्या. शंभर डॉलरच्या खोक्यात जे निघेल याची खात्री नाही, ते बहुतेक वेळा सुटं पाच-दहा डॉलरला मिळतं. वाढदिवसाला एक खोकं, फोडायच्या गमतीसाठी, त्याला माझा विरोध नाही. बाकीचं वर्षभर सुटी कार्डं.

शिक्क्याचं कार्ड त्याच्याजवळच राहू द्या. ते सापडलं तेव्हा त्याला जो आनंद झाला तो खरा होता. त्याचा भाव काढून दाखवायची गरज नाही. तुमच्या चारपैकी एक बिनशिक्क्याची प्रत त्याच्या शेजारी प्लास्टिकच्या पानात लावून द्या, आणि उरलेल्या तिन्हींपैकी एक प्रत लिफाफ्यात घालून त्याला उद्या तिकीट लावा.